सात हजार डॉलरांत अमेरिकन क्रूझर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोलंबसला येऊन दोन वर्षं झाली, पुण्यात आठ वर्षं बुलेट ३५० चालवली, आता क्रूझर मोटरसायकल घ्यायची तर अमेरिकेत बनलेलीच, आणि सगळं धरून सात हजार डॉलर. नवी घ्यावी की जुनी? मी ओहायोतच चौदा वर्षं चालवतोय, तिसरी गाडी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नवीचा विचार सोडा. हार्लेने २०२५ला नाइटस्टर ९,९९९ डॉलरवर आणली, इंडियन नावाच्या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची स्काउट सिक्स्टी बॉबरही त्या वर्षी तिथूनच सुरू होत होती. पण तो आकडा जाहिरातीतला. त्यावर फ्रेट (गाडी आणण्याचं भाडं), सेटअप, डॉक्युमेंट फी, सेल्स टॅक्स. आपल्याकडे ऑन-रोड किंमत विचारतात, तसं इथे 'आऊट द डोअर किती' हे विचारायचं, आणि उत्तर लेखी घ्यायचं. मी पहिल्या वेळी विचारलं नव्हतं. सहीच्या टेबलावर बाराशे डॉलर वाढले आणि बायकोसमोर मान खाली घालून सही केली.

आता 'अमेरिकेत बनलेली' म्हणजे काय ते. टाकीवरच्या नावाला भुलू नका, हँडल एका बाजूला पूर्ण वळवून फ्रेमच्या मानेवर कोरलेला व्हीआयएन, म्हणजे चॅसी नंबर, वाचा. पहिला आकडा १, ४ किंवा ५ असेल तर गाडी अमेरिकेतली. हार्लेचा नंबर १एचडीने सुरू होतो, इंडियनचा ५६केने. सुरुवातीला 'जे' (J) अक्षर म्हणजे जपान. 'एम'ने (M) सुरू होत असेल तर भारत, थायलंड अशा भागातली. नाइटस्टर आणि स्पोर्टस्टर एस ज्या इंजिनावर चालतात, त्या गाड्यांचं २०२५च्या मॉडेलचं काम थायलंडला हलवायचं हार्लेने २०२४मध्ये ठरवलं, म्हणून त्या स्वस्त नाइटस्टरचाही नंबर वाचूनच बोला. उलट गंमत आपल्या दारात आहे. मेरीसव्हिल इथून पाऊण तासावर. होंडाने तिथे १९७९ ते २००९ मोटरसायकली बनवल्या. गोल्ड विंग तर होतीच, पण शॅडो ११००ची एसीई, वाल्कीरी आणि व्हीटीएक्स १८०० या क्रूझरही तिथल्याच. एसीई म्हणजे 'अमेरिकन क्लासिक एडिशन', आणि नाव खोटं नव्हतं. १एचएफने सुरू होणारी नव्वदच्या दशकातली एसीई चांगल्या अवस्थेत मिळाली तर तीन हजारांच्या आसपास काम होतं. मित्रांना मात्र प्रत्येक वेळी नंबर दाखवून पटवावं लागेल. (आणि चाकणला बनलेली ट्रायम्फ ४०० इथल्या शोरूममध्ये दिसली की मला हसू येतं.)

पण तुम्हाला हार्लेच हवीय, हे प्रश्नातूनच कळतं. मग स्पोर्टस्टर, आणि तीही २००७ किंवा नंतरची. १९५७पासून चालत आलेलं नाव. एव्होल्यूशन इंजिन १९८६ला आलं, २००४ला इंजिन रबरावर बसवलं, २००७ला कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. २००४च्या आधीची गाडी हायवेला ताशी सत्तर मैलांच्या पुढे गेली की हाताला मुंग्या येतात. बुलेटची सवय आहे म्हणून तुम्ही हसाल, पण क्लीव्हलंडपर्यंत जाऊन बघा. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत तो कार्ब्युरेटर जपानी केइहिनचा असायचा, तेव्हा शंभर टक्के अमेरिकन हा हट्ट फार ताणू नका.

स्पोर्टस्टर ८८३ सीसीची की १२००ची? तुमच्या बजेटला ८८३ सहज बसते, पाच ते सहा हजारांत नीट ठेवलेली सापडते. तिचे सिलिंडर-पिस्टन बदलून पुढे १२०० करता येते, स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्हींचा सारखाच. आयर्न ८८३ दिसायला देखणी, पण मागचं सस्पेन्शन इतकं आखूड की खड्डा थेट कमरेला कळतो. स्पोर्टस्टरचंच फोर्टी-एट मॉडेल तर टाकीमुळे घेऊच नका. दोन गॅलनची शेंगदाण्याएवढी टाकी, शंभर मैलांच्या आत पंप शोधायला लागता. त्यापेक्षा १२०० कस्टम किंवा लो बघा. वजन सगळ्यांचंच अडीचशे किलोच्या पुढे, तुमच्या बुलेटपेक्षा साठ किलो जास्त. थांबताना फरक कळतो, चालताना नाही. एबीएस २०१४पासून पर्याय म्हणून मिळायला लागलं, असलेली गाडी मिळाली तर चारशे डॉलर जास्त द्या.

देखभाल म्हणाल तर घरी जमण्यासारखी. टॅपेट हायड्रॉलिक, सेट करायचे नसतात. तेल दोनच, एक इंजिनचं, एक प्रायमरी (इंजिनची ताकद क्लचपर्यंत नेणारा भाग) आणि गिअरबॉक्सचं मिळून. मागच्या चाकाला चेन नाही, बेल्ट आहे. तो दातांच्या मुळाशी चिरला नाही ना, एवढं टॉर्चने बघा.

इंडियनची स्काउट सिक्स्टी हा दुसरा पर्याय. २०१६ची, ९९९ सीसी, पाण्याने थंड होणारी, ७८ हॉर्सपॉवर, आयोवातल्या स्पिरिट लेकला बनलेली. चालवायला स्पोर्टस्टरपेक्षा सरस, खरं सांगतो. माझं मन तिच्यावर बसलं नाही, इतकंच. हार्लेच्या स्ट्रीट ७५०कडे स्वस्त म्हणून बघत असाल तर इथे विकलेली कॅन्सस सिटीला बनलेली आणि भारतातली हरियाणातल्या बावलला, म्हणजे ज्या गाडीला आपण घरी नाकं मुरडायचो तीच. व्हिक्टरी हा अमेरिकन ब्रँड २०१७ला बंद झाला, गाड्या दणकट आहेत, पण इथली पहिली गाडी म्हणून सुट्या भागांच्या मागे धावू नका.

बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा, इंजिन गरम करून ठेवू नकोस. पोचल्यावर सिलिंडरजवळ हात धरून बघा. ऊब लागली तर थंड इंजिन कसं सुरू होतं ते तुमच्यापासून लपवलंय. रॉकर बॉक्सच्या (सिलिंडरच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) सांध्यावर आणि प्रायमरी कव्हरच्या खाली तेल गळतंय का ते बघा. मग टायर. नक्षी खोल आहे म्हणून खूश होऊ नका. बाजूला डीओटीनंतर शेवटी चार आकडे असतात, २३१६ म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. माझी १२०० लो घेतली तेव्हा नक्षी कोरी करकरीत होती. पहिल्याच पावसात एक्झिटच्या वळणावर मागचं चाक असं सटकलं की पाय आपोआप खाली गेला. घरी येऊन आकडे वाचले, टायर अकरा वर्षांचे. दोन टायर बसवणावळीसकट पाचशेला पडले, ते आता तुमच्या हिशोबात आधीच धरा. हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज, बूट यांना आठशे. मोटरसायकलच्या लायसन्सला एक वर्ष झालं की ओहायोत हेल्मेटची सक्ती नाही, तरी तुम्ही घालाच. म्हणजे गाडीला हातात पाच हजार सातशे उरतात, आणि तेवढ्यात ८८३ येते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शोधा, गॅरेजमधली जागा मोकळी करायची घाई असते तेव्हा लोक खाली येतात.

ओहायोत टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, विकणाऱ्याची सही नोटरीसमोरच व्हावी लागते. म्हणून पार्किंग लॉटमध्ये भेटायचं ठरवू नका, त्याच्या बँकेत भेटा. नोटरी बऱ्याचदा तिथेच असतो, कर्ज त्याच बँकेचं बाकी असेल तर तेही तिथेच उघड होतं, आणि पैसे त्याच काउंटरवर देता येतात. मग ते टायटल घेऊन काउंटीच्या टायटल ऑफिसात जायचं, नंबर प्लेट बीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत. शनिवारी ठरवत असाल तर टायटल ऑफिसची वेळ आधी बघून घ्या, नाहीतर गाडी दोन दिवस त्याच्याच गॅरेजमध्ये.