बाजारात एकटी बसणाऱ्या मुलीला मदत कशी करावी?

तुम्ही विचारलंय, की शहागंजात 14-15 वर्षांची एक मुलगी रोज एकटीच कोथिंबीर विकते, शाळेत जात नाही, तिच्यासाठी काय करता येईल. मी संभाजीनगरातच अशा मुलींचा संध्याकाळचा वर्ग घेते, म्हणून सांगते.

पहिल्याच दिवशी ‘शाळेत का जात नाहीस?’ असं विचारू नका. हे तिला प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं आणि दरवेळी तिला आईबापाची बाजू घ्यावी लागते. रोज तिच्याकडूनच जुडी घ्या, घासाघीस न करता. आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या.

आमच्या वर्गातली एक मुलगी पहाटे जाधववाडीच्या घाऊक बाजारातून माल आणायची. दिवसभर जुड्यांवर पाणी शिंपडायची, पण स्वतः घोटभर प्यायची नाही. जायचं कुठे? डोकं सारखं दुखायचं, पाळीच्या दिवसांत तर फार हाल. शेजारच्या कापड दुकानातल्या मावशींनी त्यांचं संडास वापरू दिलं, तेव्हा कुठे ती पोटातलं बोलायला लागली. मुलीला तिथे काय सोसावं लागतं, ते आधी कळायला हवं.

मग आईला भेटा. हातावरचं पोट आहे, धंदा बंद करा म्हणालात तर दार लागलंच समजा. सतरा नंबरच्या फॉर्मचं सांगा. पाचवी पास असेल आणि वय 14 पूर्ण असेल, तर शाळेत न जाताही दहावीला बसता येतं. शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो आणायला तुम्ही सोबत जा, पोरीला एकटीला कुणी दाद देत नाही. वडील नसतील तर बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा, महिन्याला 2,250 रुपये मिळतात. एवढ्याने घर चालत नाही, पण आईचा जीव थोडा खाली पडतो.

कुणी अंगचटीला येत असेल, मारहाण होत असेल किंवा 18 च्या आत लग्न ठरवत असतील, तर मात्र थांबू नका, लगेच 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करा. आपल्याकडे ‘स्थळ चांगलं आहे’ म्हणत महिन्याभरात हळद लागते.

आणि अभ्यासाची वेळ तिच्या बाजारावरून ठरवा. आमचा वर्ग साडेसातला भरतो, कारण उरलेल्या जुड्या पडत्या भावात देऊन मुली सातनंतरच मोकळ्या होतात.