वडिलांच्या डिस्चार्ज बुकात १९७१ च्या मेडलची नोंदच नाही. आता दुरुस्ती होईल का?

होईल. वडील हयात आहेत आणि स्वतः सही करू शकतात, हे या कामात तुमचं सगळ्यात मोठं बळ आहे. म्हणून उशीर करू नका.

तुमच्या प्रश्नातून मला एवढं कळलं: वडील १९६६ मध्ये पायदळात शिपाई म्हणून भरती झाले, १९७१ मध्ये पूर्वेच्या आघाडीवर होते आणि १९८८ मध्ये नायब सुभेदार म्हणून पेन्शनीवर आले. डिस्चार्ज बुकात मेडलच्या पानावर पूर्वी स्टार नाही, संग्राम मेडलही नाही (दोन्ही १९७१ च्या युद्धातल्या सेवेची मेडलं). शिवाय ‘सीओ साहेबांनी (म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरनी) सेना मेडलसाठी माझं नाव पाठवलं होतं’ असं ते सांगतात. कुठे अर्ज करायचा, एवढं तुम्ही विचारलंय. पत्ता सांगणं सोपं आहे. पण नुसत्या पत्त्यावर केलेले अर्ज ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा घेऊन परत येताना मी खूप पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी फौजेत क्लार्क होतो. पलटणीच्या ऑफिसात पार्ट टू ऑर्डर टाइप करण्यात माझी निम्मी नोकरी गेली. आता गावी असतो आणि तालुक्यातल्या माजी सैनिकांची कागदपत्रं बघून देतो.

नोंद गळते कशी, ते आधी समजून घ्या. जवानाच्या बाबतीत जे काही घडतं, म्हणजे बदली, बढती, सुट्टी, लग्न, मूल, जखम, मेडल, ते युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये छापलं जातं. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांचे सेवेचे कागद सांभाळणाऱ्या कचेरीला जाते आणि तिथला क्लार्क ते जवानाच्या शीट रोलवर, म्हणजे त्याच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रावर चढवतो. पेन्शनीवर येताना डिस्चार्ज बुक भरलं जातं ते या नोंदींवरून. लढाईच्या दिवसांत पलटण आज इथे तर उद्या तिथे असते. ऑफिसच्या पेट्या मागे, माणसं पुढे. कुणी दुसऱ्या युनिटला अ‍ॅटॅच झालेला असतो, कुणी इस्पितळात, कुणी कोर्सवर. पलटण परत आली की मेडलच्या हक्कदारांची यादी हजेरीवरून होते आणि त्या दिवशी जो हजेरीत नाही तो सुटतो. त्यात कुणाचा हेतू वाईट असतो असं नाही. पण सुटलेल्या माणसाचा पुढे कुणी शोधही घेत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता वडिलांचं पुस्तक पुन्हा उघडा आणि एक गोष्ट बघा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी जे फौजेत होते त्या सगळ्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आहे. त्याला आघाडी लागत नाही, लढाई लागत नाही. ते पुस्तकात आहे का? तेही नसेल तर मेडलचं पानच अर्धवट भरलेलं आहे. मग शीट रोलवर नोंदी असण्याची आणि पुस्तकात उतरवताना राहिल्याची शक्यता मोठी. ते काम हलकं. पण ते मेडल आहे आणि पूर्वी स्टार तेवढा नाही, तर रेकॉर्डच्या लेखी वडील त्या दिवसांत तिथे नव्हतेच. मग हजेरी शाबीत करावी लागेल. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत, त्यामुळे हे पाहिल्याशिवाय अर्जाला हात घालू नका.

पूर्वी स्टार ३ ते १६ डिसेंबर १९७१ या दिवसांसाठी आहे. पश्चिमेकडच्या आघाडीसाठी पश्चिमी स्टार. म्हणजे सगळा प्रश्न एवढ्यावर येतो, की त्या चौदा दिवसांत शिपाई अमुक नंबर कुठे होता. किती शौर्यानं लढला, काय सोसलं, हे रेकॉर्ड ऑफिसचा क्लार्क वाचतो, त्यालाही भरून येतं, पण तेवढ्यावर त्याला नोंद करता येत नाही. त्याला तारीख, जागा, युनिट आणि आधाराचा कागद हवा.

म्हणून पहिली पायरी शीट रोलची प्रत मिळवणं. वडिलांच्या नावानं माहिती अधिकारात अर्ज टाका. फी दहा रुपये, प्रती दोन रुपये पान, उत्तराची मुदत तीस दिवस. ऑनलाइनही होतो. त्यात शीट रोल, मेडलसंबंधी पार्ट टू ऑर्डरच्या नोंदी आणि मेडिकल कागद यांच्या प्रती मागा. अर्ज वडिलांनीच करावा. मुलानं केला तर ‘दुसऱ्याची खासगी माहिती’ म्हणून नाकारला जाण्याची भीती असते आणि मग अपिलात महिने जातात.

पेन्शनरांचे कागद सहसा असतात, त्यामुळे त्या बाजूनं निश्चिंत राहा. पेन्शन न घेता लवकर बाहेर पडलेल्यांचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. त्यांच्यासाठी लाँग रोल, म्हणजे सगळ्या जवानांची नोंदवही, तेवढा कायम राहतो आणि त्यात माहिती त्रोटक असते. हे वाचणाऱ्या कुणाचे आजोबा तसे असतील तर त्यांनी लाँग रोलचा उतारा मागावा.

अर्ज कुठल्या रेकॉर्ड ऑफिसला, यातही लोक फसतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नलचं जबलपूरला. आपल्याकडचे कितीतरी जण पेन्शनीनंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोरमध्ये) दुसरी नोकरी करतात. त्यांचं डीएससीचं रेकॉर्ड केरळात कण्णूरला असतं. कपाटात वरती सापडतं ते डीएससीचं पुस्तक, म्हणून मुलं तिकडे अर्ज करतात. १९७१ ची नोंद हवी तर पहिल्या नोकरीच्या रेकॉर्डला लिहायचं.

तुमच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. वडील हवालदाराचे नायब सुभेदार झाले तेव्हा त्यांचा नंबर बदलला, जेसी (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरचा) नंबर मिळाला. १९७१ मध्ये ते जुन्या नंबरावर होते. मेडलच्या जुन्या याद्या त्याच नंबरावर असणार. अर्जात दोन्ही नंबर लिहा, शेवटच्या अक्षरासकट. नावही पुस्तकात जसं आहे तसंच. आधार कार्डावर ‘श्रीपती’ आणि पुस्तकात ‘श्रीपत’ असेल तर अर्जात ‘श्रीपत’ लिहा आणि फरक खाली एका ओळीत सांगा.

आता हजेरी शाबीत करण्याचं बोलतो. आमच्या तालुक्यातल्या एका काकांचं काम मी केलं, त्यावरून समजेल. काका ड्रायव्हर. त्यांचं मूळ युनिट पश्चिमेला होतं आणि ते गाडीसकट अ‍ॅटॅचमेंटवर पूर्वेला गेले होते. यादी मूळ युनिटनं केली. त्यात हे नाहीत, कारण तेव्हा तिथे नव्हतेच. ज्यांच्याकडे अ‍ॅटॅच होते त्यांनी आपली माणसं धरली. दोघांच्या मधे काका राहिले. त्यांनी आधी दोनदा अर्ज केले होते, दोन्ही वेळा उत्तर एकच: नोंद उपलब्ध नाही.

काकूंनी बिस्किटांच्या डब्यात जुनी आंतरदेशीय पत्रं जपून ठेवली होती. निळा कागद घड्यांवर फाटलेला, शाई तपकिरी पडलेली. एका पत्राच्या वरच्या कोपऱ्यात काकांच्याच हातचं ‘९९ ए.पी.ओ.’ लिहिलेलं. मी तिथेच थांबलो. ए.पी.ओ. म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस; ९९ ए.पी.ओ. पूर्वेकडचं आणि ५६ ए.पी.ओ. पश्चिमेकडचं, हे फौजेतल्या कुणालाही ठाऊक असतं. पण पत्रात तारीख जानेवारीची. म्हणजे माणूस पूर्वेला गेला होता हे पक्कं, पण डिसेंबरात होता याचा पुरावा तो नव्हे. आत मजकूर होता, ‘हात आता बरा आहे, काळजी करू नये.’ मी विचारलं, काका, हाताचं काय? म्हणाले, पिंपं चढवताना बोटं चेंगरली होती, त्यात सांगण्यासारखं काय.

सांगण्यासारखं तेच तर होतं! ड्यूटीवर इजा झाली की इंज्युरी रिपोर्ट होतो. आम्ही माहिती अधिकारात मेडिकल कागद मागवले. चौथ्या पानावर तो रिपोर्ट निघाला. डिसेंबर १९७१ ची तारीख, जागेच्या रकान्यात ‘फील्ड’ आणि ज्या युनिटला अ‍ॅटॅच होते त्याचं नाव. कागद त्यांच्याच फाइलमधला, म्हणून त्यावर शंका घ्यायला जागा नव्हती. तिसरा अर्ज एका पानाचा केला: तुमच्याच दप्तरातला हा रिपोर्ट, ही तारीख, हे युनिट; या युनिटला पूर्वी स्टारचा हक्क आहे; यांची नोंद घ्यावी. चौदा महिने लागले, मधे दोन स्मरणपत्रं गेली. पण ऑर्डर निघाली आणि डिस्चार्ज बुकात नोंद होऊन सहीशिक्क्यासह परत आलं.

तेव्हा वडिलांकडे असं काही आहे का ते शोधा. जुनी पत्रं, फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का, मनीऑर्डरीचं कुपन, इस्पितळाची चिठ्ठी, मूव्हमेंट ऑर्डर, सुट्टीचं सर्टिफिकेट. फोटोंचा उपयोग कमी, मागे तारीख आणि युनिट लिहिलेलं असेल तर थोडा. बरोबरच्या जवानाचं प्रतिज्ञापत्र जोडायला हरकत नाही, पण त्या साथीदाराच्या पुस्तकात पूर्वी स्टार असेल आणि तो त्याच कंपनीतला असेल तरच त्याला वजन. त्याच्या पुस्तकाच्या त्या पानाची प्रतही जोडा.

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत, एका पानात बसवा. दोन्ही नंबर, पद, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) नंबर, कुठलं मेडल, कुठल्या तारखांसाठी, कुठल्या कागदाच्या आधारे. ‘जी काही मेडल बाकी असतील ती द्यावीत’ असं मोघम लिहू नका. मूळ पुस्तक ते मागतील तेव्हाच पाठवा आणि त्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवा. अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतही जाऊ द्या. त्यांच्या कव्हरिंग लेटरसोबत गेलेल्या कागदाचा पाठपुरावा पुढे सोपा जातो.

सेना मेडलचं वेगळं आहे, आणि इथे मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल हे सेवेचे हक्क आहेत. अटीत बसलं की मिळायलाच हवेत, मग कितीही वर्षं गेलेली असोत. सेना मेडल हा शौर्याचा सन्मान. सीओ साहेबांनी नाव पाठवणं ही शिफारस झाली. ती ब्रिगेड, डिव्हिजन असं करत वर जाते आणि मंजूर झाली तर भारताच्या राजपत्रात नाव छापून येतं. १९७२ च्या पुढची राजपत्रं तपासा.  नाव निघालं तर ती राजपत्राची प्रतच पुरेसा पुरावा. नाही निघालं तर शिफारस वर मंजूर झाली नाही असं समजा. रेकॉर्ड दुरुस्तीतून ती आता मंजूर होत नाही. वडिलांना हे सांगणं तुम्हाला जड जाईल. पण दोन्ही मागण्या एकाच अर्जात घातल्या तर सेना मेडलपायी पूर्वी स्टारचा कागदही अडकतो. असं होताना मी पाहिलंय. म्हणून अर्ज वेगळे ठेवा.

पैशाबद्दल कुणी काही सांगितलं तर सावध राहा. वीरचक्रासारख्या शौर्य पदकांना मासिक भत्ता असतो. पूर्वी स्टार किंवा संग्राम मेडलनं पेन्शन वाढत नाही, एरियर्स मिळत नाहीत. ‘मेडलचे लाखभर मिळवून देतो, आधी पाच हजार द्या’ म्हणणारे एजंट फिरतात. त्यांना दारात उभं करू नका.

उत्तरच आलं नाही, किंवा कारण न देता नकार आला, तर स्मरणपत्र, मग सेना मुख्यालयाकडे तक्रार आणि शेवटी सशस्त्र सेना न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईला आहे. अंतिम नकारापासून सहा महिन्यांत जावं लागतं, म्हणून नकाराचं पाकीट फेकू नका, त्यावरची तारीख लागते. पण बहुतेकांचं काम त्याआधीच होतं.

नोंद झाल्यावर मेडल हातात यायला आणखी वेळ लागतो. मधल्या काळात वडिलांना कार्यक्रमाला लावायचं असेल तर कॅन्टोन्मेंटच्या दुकानांतून तसंच मेडल विकत मिळतं, पुष्कळ जण तेच लावतात. खऱ्या मेडलवर जवानाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. आलं की आधी तो नंबर पुस्तकाशी ताडून घ्या.

आणि आज संध्याकाळीच वही घेऊन वडिलांजवळ बसा. ‘लढाईचं सांगा’ असं विचारू नका, त्याला ते ठरलेलंच सांगतील. कंपनी कुठली, प्लाटून कमांडर कोण, ३ डिसेंबरला कुठे होता, नदी कुठली ओलांडली, कुणाला अ‍ॅटॅच होता का, कुठे लागलं होतं का, इस्पितळात किती दिवस, परत आल्यावर पहिली सुट्टी कधी, असं एकेक विचारा. क्षुल्लक वाटलं तरी लिहून घ्या. शीट रोलची प्रत आली की ती वही शेजारी ठेवून तारखा जुळवा आणि कुठे अडलात ते इथेच लिहा. नंबर आणि नाव झाकून अर्जाचा मसुदा टाकलात तर मी वाचून दुरुस्त करून देईन.