लाजाळूपणा मेंदूच्या रचनेतच असतो का? एमआरआय काढला तर कळेल का?

पहिलं म्हणजे एमआरआयवर पैसे घालवू नका. एकट्या माणसाचा स्कॅन बघून 'हा लाजाळू' असं कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. अमिग्डला (मेंदूतला धोका ओळखून भीती जागवणारा छोटा भाग) म्हणाल तर सोशल अँक्झायटीवाल्यांचा (लोकांसमोर जायची इतकी भीती की रोजचं आयुष्य अडतं) काही अभ्यासांत मोठा निघालाय, काहींत लहान.

आता माझं. दहा वर्षांचा होतो, आत्याचं लग्न, आणि काकांनी न विचारता माइक हातात दिला, म्हण रे मंगलाष्टक. पाठ होतं हो, रोज आंघोळीला म्हणायचो. पण अंतरपाट धरलेला, अख्खा हॉल मुठीत अक्षता घेऊन माझ्याकडे बघतोय, पुढच्या रांगेतल्या एक आजी तर घाईघाईत आधीच टाकून मोकळ्या झाल्या, आणि माझ्या तोंडून फक्त 'स्वस्ति'. पुढं स्पीकरवर नुसता माझा श्वास. शेवटी भटजींनी माइक काढून घेतला.

काका अजून म्हणतात, तेव्हाच एक कानाखाली वाजवली असती तर सुधारला असता, आईनं लाडावून ठेवला. बरं. हार्वर्डच्या जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञानं चार महिन्यांच्या बाळांपुढे खेळणी हलवली, आवाज ऐकवले, तर साधारण २० टक्के बाळं हातपाय झाडून रडली, आणि पुढं बुजरी निघायचं प्रमाण त्यांच्यातच जास्त. चार महिन्यांत कोण कुणाला लाडावतं? दोन वर्षांची असताना बुजरी ठरलेली दुसरी काही मुलं विशीत गेल्यावर तपासली (२००३), तर अनोळखी चेहरे बघून त्यांचा अमिग्डला इतरांपेक्षा जास्त चेतत होता. म्हणजे आकारापेक्षा तो किती चटकन बोंब मारतो ते बघा.

हां, पण नुसतं लाजाळू असणं आणि सोशल अँक्झायटी एक नव्हे, आणि केगनची ती हातपाय झाडणारी सगळी बाळं काही बुजरी झाली नाहीत. शिवाय स्वीडनमध्ये ९ आठवडे इंटरनेटवरून सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत) घेतलेल्यांचा अमिग्डला आकारानं थोडा कमी झाला असं २०१६ मध्ये आलंय, म्हणजे 'सुधारता येतं' एवढ्यापुरते काका बरोबर. कानाखाली नाही. नोकरी, कॉलेज, फोन उचलणं अडत असेल तर सरळ सायकॉलॉजिस्टकडे जा, मी डॉक्टर नाही.

आणि घरात लहान मूल असेल तर पाहुण्यांपुढे उभं करू नका. गेल्या गणपतीत काका माझ्या मुलीला अथर्वशीर्ष म्हण म्हणून मागंच लागले, ती माझ्या पायामागं लपली. मी म्हटलं, ती नाही म्हणणार, तुम्हीच म्हणा. चौथ्या ओळीला अडकले.