तूप सोडलं, पण मोतीबिंदूसाठी कशाला?

प्रश्न : वय ६४. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात आहे. कोलेस्टेरॉलही वाढलंय. भिंगात चरबी साचते म्हणून तूप बंद केलं. कोलेस्टेरॉलच्या गोळीनेही मोतीबिंदू होतो असं ऐकलं. भाच्याने इंटरनेटवरून लॅनोस्टेरॉलचे थेंब मागवलेत, घालू का? — एक वाचक, कराड

उत्तर : तूप हृदयासाठी सोडलं असेल तर माझी हरकत नाही. डोळ्यासाठी सोडलं असेल तर उगाच जिभेला शिक्षा! भिंगात एकही रक्तवाहिनी नसते. त्याला लागणारं कोलेस्टेरॉल ते मुख्यतः स्वतःच बनवतं, आणि भरपूर बनवतं. भिंगाच्या कडेच्या पेशी लांबत लांबत तंतू होतात. एवढ्या लांब पेशीला आवरणही तेवढंच लागतं, आणि आवरणाचा मोठा भाग चरबीचाच. मग प्रकाशाला अडथळा नको म्हणून ही पेशी आपलं केंद्रकसुद्धा विरघळवून टाकते. त्यानंतर त्या पेशीत नवं काही बनत नाही. तुमच्या भिंगाच्या गाभ्यातले तंतू तुम्ही आईच्या पोटात असतानाचे आहेत! तिथलं कोलेस्टेरॉल म्हणजे साचलेला मळ नव्हे, भिंतीतला चुना आहे. भिंगाला गढूळपणा येतो, म्हणजेच मोतीबिंदू होतो, तो प्रामुख्याने प्रथिनांच्या गुठळ्यांमुळे.

गोळीची भीती अगदीच हवेतली नाही. १९६० साली अमेरिकेत ट्रायपॅरॅनॉल नावाचं कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध आलं. ते कोलेस्टेरॉल बनण्याची शेवटची पायरीच अडवायचं. रुग्णांना मोतीबिंदू होऊ लागले आणि १९६२ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. हल्लीच्या गोळ्या त्या जातीच्या नाहीत. तुमची गोळी मनाने बंद करू नका.

आता थेंब. लॅनोस्टेरॉल हा कोलेस्टेरॉल बनण्याच्या वाटेवरचाच एक पदार्थ. तो बनवणाऱ्या जनुकात दोष असलेल्या काही मुलांना जन्मतःच मोतीबिंदू आढळला. २०१५ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग झाले, भिंग थोडं निवळल्याचं छापून आलं, आणि बाजार मांडला गेला. पण त्याच वर्षी आपल्याकडच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेत काढलेले माणसांचे मोतीबिंदू लॅनोस्टेरॉलमध्ये भिजत ठेवून पाहिले. ते जसेच्या तसे राहिले. भिजवून जे होत नाही, ते थेंबाने काय होणार? शिवाय ती बाटली निर्जंतुक आहे का, हे भाच्याला तरी कुठे माहीत?

बाटली उघडू नका. त्यापेक्षा रात्री समोरून गाडी आली की डोळे दिपतात का, पेपर वाचायला जास्त उजेड लागतो का, ते तुमच्या नेत्रतज्ज्ञांना सांगा. शस्त्रक्रिया कधी करायची ते त्यावर ठरतं.