विमानात बसून अल्बम प्लॅन करतोयस तर

अरे दहा-बारा तासांची फ्लाइट म्हणजे गाण्यांच्या अल्बमच्या कामाला सोन्यासारखा वेळ आहे, फक्त तिथे मिक्सिंग, म्हणजे गाण्यातल्या आवाजांचं प्रमाण जुळवणं, करत बसू नकोस. इंजिनाच्या घरघरीत खालचे सूर दबतात, मग आपण बेस वाढवत जातो आणि घरी ऐकलं की सगळं गढूळ.

तिथे करायचं काम म्हणजे गाण्यांचा क्रम. घरून निघायच्या आधीच रफ डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची रेकॉर्डिंग्ज, फोनमध्ये उतरवून ठेव, नेटच्या भरवशावर राहू नको. प्रत्येक गाण्याची पट्टी, टेम्पो, लांबी वहीत लिही आणि मग एका गाण्याचा शेवट नि पुढच्याची सुरुवात असं जोडून ऐक, लागोपाठ दोन संथ गाणी एकाच पट्टीत आली की कान कसा कंटाळतो ते लगेच कळतं. व्हिनाइल, म्हणजे दोन बाजूंची मोठी तबकडी, काढायचं मनात असेल तर एका बाजूला साधारण 22 मिनिटंच धर, जास्त भरलं की आवाजाची लेव्हल कमी ठेवावी लागते. म्हणजे दोन सुरुवाती नि दोन शेवट निवडायचे, मला तर हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

एखादं गाणं वगळावंसं वाटलं तर तिथल्या तिथे ठरवू नको, थकलेल्या कानाला चांगलं गाणंही नकोसं होतं. नुसती खूण कर, झोप काढ, उतरायच्या आधी परत ऐक.