रिलीज झालेला कॅचर आता कोच व्हायचं म्हणतोय

नमस्कार. न्यू जर्सीहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा 24 चा, दोन सीझन बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालची पायरी) कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरने टाकलेला बॉल झेलणारा, खांद्याचं ऑपरेशन झालं आणि टीमने रिलीज केलं, म्हणजे काढून टाकलं, आता संध्याकाळी हायस्कूलच्या पोरांना शिकवतो आणि कोचच व्हायचं म्हणतो. त्याला एमएसकडे कसं वळवू, असं तुम्ही विचारताय.

मला तुमच्या एकाच वाक्याने अस्वस्थ केलं. मंडळाच्या गणपतीत कोणीतरी चौकशी केली तर तुम्ही म्हणालात "तो डेटा सायन्स करतोय", आणि तो तिथेच मोदकाची प्लेट धरून उभा होता. अहो, लहानपणापासून दर शनिवारी पहाटे उठून तुम्हीच त्याला गाडीने मॅचला नेत होतात ना, मग आत्ताच त्याचा खेळ सुटलाय आणि बाबांना आपली लाज वाटते हे त्याला चारचौघांत कळलं. एमएस राहू दे, आधी याबद्दल त्याची माफी मागा.

"जो स्वतः टिकला नाही तो काय शिकवणार" हे तुमचं म्हणणं तर साफ चूक. डेव्ह डंकन बघा. मेजर लीगमध्ये 11 सीझन कॅचर, 1972 ला ओकलंडकडून वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची फायनल जिंकली, पण बॅटिंग ॲव्हरेज फक्त .214, म्हणजे बॅटर म्हणून कमजोरच. पिचर तर तो नव्हताच, तरी पिचिंग कोच झाला आणि त्याच्या हाताखाली चौघांना सर्वोत्तम पिचरचं साय यंग अवॉर्ड मिळालं, 1983 ला हॉइट, 1990 ला वेल्च, 1992 ला एकर्स्ली, 2005 ला कार्पेंटर. कॅचरच्या समोर अख्खं मैदान असतं, कुठला बॉल टाकायचा ही खूण तोच करतो आणि पिचर दमला की त्याचं कोपर खाली यायला लागतं तेही आधी त्यालाच दिसतं. डंकन बॅटर्सच्या बारीक नोंदी ठेवायचा आणि पिचरला सांगायचा, बॉल खाली ठेव, ग्राउंड बॉल काढ, म्हणजे बॅटरचा फटका जमिनीवरूनच जाऊ दे. तुमच्या मुलाचीही तयारी तीच झालीये, वाया काही गेलेलं नाही.

सुरुवातीला पैसे कमी मिळतील, हे त्यालाही स्पष्ट सांगा. कॉलेजात कोच व्हायचं तर डिग्री बहुतेक ठिकाणी लागतेच, मास्टर्स करायचंच ठरलं तर ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून टीमबरोबर काम करत करता येतं. जीआरई या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर पाच वर्षं चालतो, त्याची घाई नको.

या आठवड्यात एकदा त्याच्या प्रॅक्टिसला जा, कुंपणापाशी उभे राहा, आणि घरी येताना गाडीत त्याला विचारा की त्या नवीन कॅचरला तू गुडघ्यांबद्दल काय सांगत होतास.