ट्रेलरचं वजन राहू द्या, कंपनीचं पत्र वाचा

शिवोलीच्या एका वाचकाने कोचीहून १९ फुटी फायबरची बोट घेतली, गावातल्या वेल्डरकडून ट्रेलर करून घेतला आणि तो चार मीटरच्या आतल्या छोट्या एसयूव्हीला जोडून राष्ट्रीय महामार्ग ६६ने बोट गोव्यात आणायला निघाले. करमल घाटाच्या उतारावर ट्रेलर शेपटासारखा डोलायला लागला, गाडी कठड्यावर गेली, बोट घसरून पडली आणि एका स्कूटरवाल्याचा पाय मोडला. ‘क्षमतेपेक्षा जास्त भार ओढला’ म्हणून विमा कंपनीने गाडीचा दावा नाकारला. वाचक विचारतात : असा भार ओढणं बेकायदा आहे का, आणि ट्रेलरला इंजिनच नाही तर त्याची नोंदणी कशाला?

नोंदणीचं आधी, कारण हा प्रश्न दर पावसाळ्यानंतर कोणी ना कोणी विचारतंच. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम २(२८)ने ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर घातला आहे आणि कलम ६१ने नोंदणीचं सगळं प्रकरण त्याला लागू केलं आहे. घरापासून बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पपर्यंत बिननंबरचा ट्रेलर नेताना तुमच्या बार्देश तालुक्यात कोणी अडवत नाही, एवढ्याने तो कायदेशीर होत नाही. तीन राज्यांतून नेण्याआधी हे एकदा कोणाला तरी विचारायला हवं होतं.

तुमचा दावा मात्र तूर्त यावर अडलेला नाही. तो कंपनीच्या नकाराच्या पत्रावर अडला आहे. त्या पत्रात दोनच गोष्टी बघायच्या, कारण आणि तारीख.

कारण एकच दिलं आहे, जास्त भार. नोंदणीचा शब्दही नाही. सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्सच्या निकालात (२०१९) सांगितलं आहे की नकाराच्या पत्रात नसलेलं कारण विमा कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. हे तुमचं नशीब, कारण नोंदणीविना वाहन रस्त्यावर आणणं हा पॉलिसीचा मूलभूत भंग ठरवून दावा फेटाळल्याचा नरिंदर सिंग निकाल (२०१४) कंपनीच्या वकिलाला पाठ असतो. तिथे विम्याची गाडीच नोंदणीविना होती, तुमची गाडी नोंदलेली आहे, नाही तो ट्रेलर. हा फरक ग्राहक आयोगाला पटेलच याची खात्री देता येणार नाही. म्हणून ती वेळ येऊ न देणं बरं. आणि तुम्ही काय केलंत? फेरविचाराचे ई-मेल पाठवत राहिलात आणि त्यांतल्या एकात स्वतःच लिहिलंत, ‘ट्रेलरला नंबर लागतच नाही.’ फेरविचार मागणं म्हणजे दुसरं, जास्त भक्कम पत्र लिहायला कंपनीला आमंत्रण. आजपासून कंपनीला एक ओळही लिहू नका. खोटं बोला असं मी म्हणत नाही. शपथेवर विचारलं तर खरं तेच सांगावं लागेल.

आता तारीख. पत्र मिळून १९ महिने झाले. विमा लोकपालाकडे नकारानंतर एका वर्षात जावं लागतं, ते दार बंद झालं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ६९ची मुदत दोन वर्षं, म्हणजे हातात पाच महिने उरले. स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही, आणि ‘मी कंपनीशी पत्रव्यवहार करत होतो’ हे उशीर माफ होण्यासाठी पुरेसं कारण सहसा मानलं जात नाही. तक्रार उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात करा. तुम्ही राहता तिथे ती करता येते, आणि भरलेला हप्ता पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. सोबत पॉलिसीचा पूर्ण मजकूर हवा, दोन पानी प्रमाणपत्र पुरत नाही. सर्वेअरचा (नुकसान तपासणाऱ्याचा) अहवाल, पंचनामा, फोटो, दुरुस्तीची बिलं आणि पत्र ज्या दिवशी मिळालं त्याचा पुरावा जोडा. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल. तो आकडा कायद्याच्या पुस्तकातच शोभतो.

वजनाचं म्हणाल तर सर्वेअरने १८६० किलो लिहिलं आहे. तुमच्या कागदांवरून हिशेब असा : बोटीचा सांगाडा ६५०, ११५ अश्वशक्तीचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बसवलेलं इंजिन) १७०, १२० लिटर पेट्रोल ९०, नांगर-बॅटरी ५०, ट्रेलर ३००. एकूण १२६०. माहितीपत्रकात आठ माणसांची क्षमता आहे. ७५ किलोप्रमाणे ती ६०० किलो त्याने जमेस धरलेली दिसते. बोटीत माणूस नव्हता. ट्रेलर शाबूत असेल तर तो बोटीसह वजनकाट्यावर घालून पावती घ्या. तरीही फार खूश होऊ नका. तुमची गाडी आरसीवर ११५० किलोची आहे, आणि स्वतःहून जड, बिनब्रेकचा ट्रेलर ओढणं शहाणपणाचं होतं असं आयोगापुढे कोणी म्हणू शकणार नाही. त्यातून आउटबोर्डचं वजन मागे. टो-हिचच्या बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्याला ट्रेलर अडकवतात त्यावर, एकूण भाराच्या ७ ते १० टक्के, म्हणजे इथे ९० ते १२५ किलो दाब हवा. तो कमी पडला की उतारावर ट्रेलर डोलतो, आणि चालकाने घाबरून ब्रेक मारला की जास्तच डोलतो.

अर्थात चालवणाऱ्याच्या चुका झाकायलाच विमा असतो, एवढा युक्तिवाद तुमच्या बाजूने आहे. कंपनी पॉलिसीतली ‘वाहनाची वाजवी काळजी’ ही अट पुढे करेल. गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नये असं छापलं असेल तर ते पान आधी वाचून ठेवा. तसं असल्यास पूर्ण रकमेचा हट्ट धरू नका. अमलेंदु साहू निकालाच्या (२०१०) आधारे मान्य होण्याजोग्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंतची पर्यायी मागणी तक्रारीतच घाला. बोटीचे पैसे गाडीच्या पॉलिसीतून मिळणार नाहीत. जादा हप्ता भरून ट्रेलर जोडता येतो, पण त्या कलमातही ट्रेलरवरचा माल वगळलेला असतो. बोटीसाठी रस्ता-वाहतुकीचा वेगळा विमा लागतो, तो तुम्ही घेतला नव्हता.

स्कूटरवाल्याने मडगावला लावलेल्या भरपाईच्या दाव्याची नोटीस ‘कंपनी बघून घेईल’ म्हणून तुम्ही ड्रॉवरमध्ये ठेवलीत. हे सगळ्यात महागात पडू शकतं. तिथे नकाराचं पत्र तुमच्या कामाचं नाही. नोंदणी आणि विमा नसलेल्या ट्रेलरचा मुद्दा हमखास निघेल, आणि भरपाई कंपनीने आधी द्यावी व मग तुमच्याकडून वसूल करावी असा हुकूम होऊ शकतो. गाडीमुळे इजा झाली की सुटलेल्या बोटीमुळे, यावर बरंच अवलंबून राहील. पंचनामा न पाहता याहून जास्त सांगता येत नाही. पुढच्या तारखेला वकील उभा करा, एकतर्फी निकाल होऊ देऊ नका. फौजदारी खटल्यात दंड भरून मोकळं होण्यासाठी गुन्हा कबूल करायचा विचार असेल तर आधी त्याच वकिलाला विचारा. ती कबुली या दाव्यात तुमच्याविरुद्ध वापरली जाईल.

बोट अजून काणकोणला पडून आहे आणि याच गाडीने ती शिवोलीला आणू का, असंही तुम्ही विचारलं आहे. नाही. फ्लॅटबेड ट्रक ठरवा, वाहतूक विम्याचा कागद हातात आल्यावरच ती चढवू द्या.